लेनर्ड कोहेनची दुर्लक्षित तबकडी

योम किप्पूरला आपले वाडवडील कोकणात दारफाळणीचा सण म्हणत. त्या दिवशी स्वर्गाची दारे मिटतात आणि मिटण्याआधी प्रत्येकाच्या नावापुढे येत्या वर्षाचा निवाडा लिहून होतो, हा सारा भाव त्या साध्या मराठी नावात उतरला आहे. ५७३४ सालच्या तिश्री महिन्याची १० तारीख, म्हणजे ६ ऑक्टोबर १९७३. त्या दिवशी नेइलाच्या प्रार्थनेला अजून बराच अवकाश होता. दुपारी दोनच्या सुमारास भोंगे वाजले आणि लोक प्रार्थनामंदिरांतून तसेच उपाशीपोटी आपापल्या पलटणीकडे निघाले. पुढचे ह्या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. लोद, रामले, बेएर शेवा, दिमोना, अश्दोद येथल्या आपल्या घरांत ते आठवडे कसे गेले हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.

त्या युद्धाच्या डावपेचांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. मला लिहायचे आहे ते त्या युद्धातून निघालेल्या एका गाण्यांच्या तबकडीबद्दल. तिचे नाव ‘न्यू स्किन फॉर द ओल्ड सेरेमनी’, म्हणजे जुन्या विधीसाठी नवी कातडी. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन ह्याची ही तबकडी १९७४ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आली. तिच्यावर एकूण ११ गाणी आहेत. अमेरिकेत ती खपाच्या पहिल्या दोनशेतही आली नाही. आज कोहेन म्हटले की लोक ‘सुझान’ गुणगुणतात, नाहीतर ‘हालेलुया’. ह्या दोन शिखरांच्या मधल्या दरीत ही तबकडी पडून राहिली. माझ्या मते मात्र कोहेनचे यहुदीपण त्याच्या गाण्यात सर्वांत खोल उतरले ते इथेच, आणि त्या यहुदीपणाची किंमत काय, हा प्रश्नही त्याला इथेच पडला.

कोहेनचा जन्म २१ सप्टेंबर १९३४ रोजी मॉंट्रियलजवळच्या वेस्टमाउंट येथे झाला. घराणे कोहानीमचे. पणजोबा लाझारस कोहेन शाआर हाशोमायीम ह्या प्रार्थनामंदिराचे अध्यक्ष होते. आजोबा लायन कोहेन ह्यांनी १८९७ साली कॅनडातले यहुदी वृत्तपत्र काढण्यात पुढाकार घेतला होता. आईचे वडील रब्बी सॉलोमन क्लोनित्स्की-क्लाइन हे तालमूदचे गाढे पंडित. कोहेन नऊ वर्षांचा असताना वडील वारले. पुढे किशोरवयात एका स्पॅनिश गिटारवादकाकडून त्याने मोजके धडे घेतले. त्याने शिकवलेल्या सहा स्वरमेळांवर आपले सारे संगीत उभे आहे, असे कोहेन म्हातारपणी, २०११ साली, स्पेनमध्ये एका भाषणात म्हणाला. तो गिटारवादक चौथ्या दिवशी आला नाही. त्याने आत्महत्या केली होती.

आरंभी कोहेन कवीच होता. पहिला संग्रह १९५६ साली निघाला, आणि १९६३ व १९६६ साली दोन कादंबऱ्या. ग्रीसच्या हायड्रा बेटावर त्याने एक जुने घर घेतले होते आणि तिथे राहून तो लिहीत असे. लेखनावर पोट भरेना म्हणून तिशी उलटल्यावर तो गाण्याकडे वळला. पहिली तबकडी १९६७ च्या डिसेंबरात, दुसरी १९६९ साली, तिसरी १९७१ साली. तिन्ही गाजल्या, विशेषतः युरोपात. दुसरीत आब्राहाम आणि इसहाक ह्यांची कथा मुलाच्या तोंडून सांगणारे गाणे आहे, तेव्हा तोराहचे विषय त्याच्या गाण्यात आधीपासून होतेच. पण तिथे तो कथा सांगतो. १९७४ च्या तबकडीत तो प्रार्थनेलाच हात घालतो, आणि ते मला फार निराळे वाटते.

युद्धापूर्वी दीड वर्ष, एप्रिल १९७२ मध्ये, तो येरुशलेमच्या बिन्यानेई हाउमा सभागृहात गायला होता. तो प्रसंग टोनी पामर ह्यांच्या चित्रपटात टिपला गेला आहे. गाता गाता कोहेन थांबला. आज आपले गाणे जमिनीवरून वर उचलले जात नाही, अशा वेळी गात राहणे म्हणजे लोकांची फसवणूक, असे काहीसे सांगून तो पडद्यामागे निघून गेला. पैसे परत करायचीही त्याची तयारी होती. आत जाऊन त्याने दाढी केली! बाहेर श्रोते उठून गेले नाहीत. त्यांनी ‘हेवेनू शालोम आलेखेम’ म्हणायला सुरुवात केली. कोहेन परत आला, गायला, आणि त्याच्यासकट वादकांच्या डोळ्यांत पाणी होते. त्याला हे श्रोते विसरता आले नसावेत.

त्यानंतर त्याचे दिवस बरे गेले नाहीत. १९७३ च्या सुरुवातीला त्याने एका इंग्रजी संगीत साप्ताहिकाच्या वार्ताहराला आपण हा धंदा सोडत असल्याचे सांगितले. तो हायड्राला जाऊन राहिला. सोबत सुझान एल्रॉड आणि वर्षभराचा मुलगा. संसारात सुख नव्हते, लिहिणे जमत नव्हते, चाळिशी जवळ आली होती. तेवढ्यात रेडिओवर बातमी आली. तो बोटीने अथेन्सला गेला आणि तिथून विमानाने तेल अवीवला.

आता कोणी म्हणेल, धर्मबांधवांच्या हाकेला धावून आला. तसे सरळ नव्हते. त्याने स्वतः नंतर लिहून ठेवलेल्या मजकुरातही घरातून पळण्याची इच्छा आणि इस्राएलची ओढ ह्यांची सरमिसळ आहे. त्याला गायचे तर मुळीच नव्हते, गिटारही बरोबर आणली नव्हती. पुरुष मंडळी आघाडीवर गेल्यामुळे किबुत्समध्ये हातांची गरज असेल, तिथे पडेल ते काम करू, असा त्याचा विचार होता. तेल अवीवच्या पिनाती नावाच्या कॅफेत तो एकटा बसलेला असताना गायक ओशिक लेवी ह्याने त्याला ओळखले. लेवीबरोबर इलाना रोविना, माती कास्पी आणि पुपिक अर्नोन असे कलावंत होते, आणि ते सैनिकांपुढे गायला निघाले होते. कोहेन म्हणाला, माझी गाणी उदास आहेत, ती ऐकून सैनिकांचे मन खचेल. लेवीने त्याचे काही चालू दिले नाही. त्याच्यासाठी गिटार मिळवली गेली.

पहिला कार्यक्रम हात्झोरच्या हवाई तळावर झाला, अश्दोदपासून फार लांब नाही. तिथे एका रात्री दोन कार्यक्रम होते. दोहोंच्या मधल्या वेळात कोहेनने एक नवे गाणे लिहिले आणि दुसऱ्या कार्यक्रमात ते गाऊनही टाकले. हेच ‘लव्हर लव्हर लव्हर’. ज्या माणसाला महिनोन् महिने एक ओळ सुचत नव्हती, त्याने विमाने उडत-उतरत असताना तासाभरात गाणे केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे ही मंडळी सिनाईत उतरली, आणि सुएझ कालवा ओलांडून पलीकडे, सैनिक ज्याला आफ्रिका म्हणत त्या बाजूलाही गेली. व्यासपीठ नसे. दारूगोळ्याच्या पेट्यांवर उभे राहायचे, दिवे म्हणजे बॅटऱ्या नाहीतर गाडीचे पुढचे दिवे. वीस-तीस पोरे वाळूत बसलेली असत. दिवसातून कित्येकदा गाऊन पुढच्या तुकडीकडे जायचे. त्या दिवसांतले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: कोहेन गातो आहे, माती कास्पी गिटार वाजवतो आहे आणि शेजारी जनरल आरिएल शेरॉन उभे आहेत.

मजा अशी की ह्या प्रवासाबद्दल कोहेन पुढे जवळजवळ बोललाच नाही. हायड्राला परतल्यावर त्याने पंचेचाळीसेक पानांचा मजकूर लिहिला आणि बाजूला ठेवून दिला. पत्रकार मती फ्रीडमन ह्यांनी तो मजकूर, त्याच्या वह्या आणि त्या वेळच्या सैनिकांच्या आठवणी एकत्र करून २०२२ साली पुस्तक लिहिले. तेव्हा कुठे, ४९ वर्षांनी, ही हकीकत सलग वाचायला मिळाली. तोवर ती सैनिकांच्या घरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपुरती होती. कोणी सांगे, कोहेन आमच्या रणगाड्यांपुढे गायला, आणि ऐकणाऱ्यांना ते खोटे वाटे.

त्या मजकुरात एक प्रसंग आहे. जखमींना घेऊन हेलिकॉप्टर उतरले. पट्ट्यांत गुंडाळलेली पोरे पाहून कोहेनला रडू आवरेना. कोणीतरी सांगितले, हे इजिप्तचे आहेत. त्याला हायसे वाटले. आणि त्याच क्षणी त्या हायसे वाटण्याची त्याला इतकी किळस आली की ते पापच आहे असे त्याला वाटले. मला हा प्रसंग त्याच्या सगळ्या मुलाखतींपेक्षा मोलाचा वाटतो. ती तबकडी समजायला तो पुरेसा आहे.

युद्ध थांबल्यावर तो सरळ घरी गेला नाही. त्या वेळी इथिओपियात असलेल्या अस्मारा शहरात जाऊन इंपीरियल हॉटेलात राहिला आणि वहीतली अर्धवट गाणी पुरी करू लागला. हाइले सेलासी ह्यांचे तख्त १९७४ च्या सप्टेंबरात उलथले, त्याच्या थोडे आधीची ही गोष्ट. ‘चेल्सी हॉटेल नंबर टू’ हे तबकडीवरचे सर्वांत लोकप्रिय गाणे त्याने मायामीच्या एका उपाहारगृहात १९७१ साली सुरू केले होते, ते इथे पुरे झाले. ते जॅनिस जॉप्लिन ह्या गायिकेच्या आठवणीचे गाणे आहे. ती १९७० साली वारली होती. कार्यक्रमांत तिचे नाव उघड केल्याबद्दल कोहेनने पुढे जाहीर माफी मागितली. पण व्हायचे ते झाले होते. लोकांना त्या गाण्यामागची भानगड तेवढी आठवते, आणि तबकडीचे नाव निघाले की बोलणे तिथेच संपते. असो.

ध्वनिमुद्रण १९७४ च्या आरंभी न्यूयॉर्कला झाले. जॉन लिसाउअर ह्या विशीतल्या संगीतकाराशी कोहेनची मॉंट्रियलला गाठ पडली होती. दोघांनी मिळून तबकडीची निर्मिती केली. आधीच्या तबकड्यांत कोहेनची गिटार, तिच्यावर भराभर फिरणारी बोटे आणि पुटपुटल्यासारखा आवाज, ह्यांच्यापुढे बाकी सगळे मागे राही. लिसाउअरने व्हायोला, बँजो, मँडोलिन, ट्रंपेट, तालवाद्ये आणली, पण गर्दी केली नाही. एक वाद्य येते, चार सूर लावते आणि बाजूला होते. ‘देअर इज अ वॉर’मध्ये तालवाद्ये जी धरतात ती सोडतच नाहीत, आणि ‘लव्हर लव्हर लव्हर’चा ठेका तर आपल्या लग्नघरात कोणी हातावर धरला तरी शोभेल. कोहेनचा आवाजही इथे मधल्या वयाचा आहे. तारुण्यातला पातळपणा गेला आहे आणि म्हातारपणीचा तो विहिरीच्या तळातून येणारा खर्ज अजून आलेला नाही. त्याच्या भक्तांना हा मधला आवाज आवडत नाही. मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात अजून रुबाब शिरलेला नाही.

मुखपृष्ठाने नवीनच विघ्न आणले. १५५० साली छापलेल्या ‘रोझारियम फिलॉसॉफोरम’ ह्या किमयाशास्त्राच्या लॅटिन ग्रंथातले लाकडी ठशाचे चित्र कोहेनने त्यासाठी निवडले. मुकुट घातलेली, पंख असलेली दोन नग्न रूपे ढगांवर आलिंगनात. अमेरिकेतल्या कंपनीला ते पचेना, आणि काही प्रतींवर चित्राऐवजी कोहेनचे छायाचित्र आले.

आता नाव पाहा. जुन्या विधीसाठी नवी कातडी म्हटले की आपल्यातल्या कोणाच्याही मनात आधी मिलाचा विधी येईल, आणि तो अर्थ कोहेनच्या डोक्यात नसेल असे मानणे कठीण आहे. पण दुसरा अर्थही तितकाच खरा. जुनी वस्तू तीच, वेष्टन नवे. तबकडीच्या शेवटी ‘ग्रीनस्लीव्ज’ ह्या शतकानुशतके चालत आलेल्या इंग्रजी गाण्याची मोडतोड करून त्याने ते पुन्हा बांधले आहे. ‘टेक धिस लाँगिंग’ हे त्याचे स्वतःचेच जुने गाणे, बफी सेंट-मेरीने ते निराळ्या नावाने आधीच गायले होते. आणि ‘हू बाय फायर’ म्हणजे तर योम किप्पूरची प्रार्थनाच. आपल्या समाजाला हा प्रकार नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मंडळींनी आब्राहाम-योसेफांच्या कथा हरदासी कीर्तनाच्या घाटात बसवल्या, साकी-दिंडीत गायल्या. तेव्हा कोणी ती नवी कातडी आहे असे म्हटले नाही, पण होती तीच.

ती प्रार्थना म्हणजे ‘उनेताने तोकेफ’. हा पियुट मुख्यतः अश्केनाझी परंपरेतला असल्याने आपल्या सेफार्दी पद्धतीच्या माहझोरांत तो सहसा सापडत नाही. तरीपण इस्राएलमध्ये इतकी वर्षे राहून तो कानावर पडला नाही असा माणूस विरळा. माइन्त्झ शहरच्या रब्बी अम्नोन ह्यांनी हातपाय तोडलेल्या अवस्थेत तो म्हटला, अशी आख्यायिका आहे. कैरोच्या गनिझात सापडलेल्या हस्तलिखितांमुळे अभ्यासक आता त्याचे मूळ त्याहून बरेच मागे, बायझंटाइन काळातल्या एरेत्झ इस्राएलमध्ये नेतात. येत्या वर्षी कोण जगेल, कोण मरेल, आणि कशाने, ह्याची यादी त्यात आहे: आग, पाणी, तलवार, भूक, तहान, रोगराई. कोहेनने हे लहानपणी शाआर हाशोमायीममध्ये काकांच्या शेजारी ऐकले होते. त्याने यादीचा साचा तसाच ठेवला आणि त्यात आपल्या काळातले मृत्यू घातले, झोपेच्या गोळ्यांपासून हिमकडा कोसळण्यापर्यंत. जॅनिस इयन ह्या गायिकेचा आवाज त्याच्याबरोबर आहे. सारे गाणे अडीच मिनिटांच्या आसपास संपते.

पण एक फरक त्याने असा केला आहे की त्यावर पुष्कळ धार्मिक मंडळी नाराज होतील. पियुटमध्ये त्या भयंकर यादीनंतर उपाय सांगितलेला आहे: तेशुवा, तेफिला, त्सेदाका. कोहेनच्या गाण्यात उपाय नाही. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो विचारतो की ही हाक मारणारा आहे तरी कोण, आणि थांबतो. टेलिफोनवर अनोळखी आवाजाला विचारावे इतक्या अदबीने विचारतो. काहींना हा उद्धटपणा वाटेल. मला वाटत नाही. त्या ऑक्टोबरात ज्यांच्या दारावर सैन्याचा माणूस उभा राहिला, त्या घरांतही हाच प्रश्न विचारला गेला असणार, आणि उपाय तिथेही कोणाला ऐकू आला नसणार.

बेत हाशिता किबुत्सची हकीकत इथे सांगितली पाहिजे. त्या एका किबुत्सचे ११ जण ह्या युद्धात पडले. किबुत्स धर्म न मानणाऱ्यांचे. तिथे योम किप्पूर पाळायचा तो प्रार्थनेविना. १९९० साली संगीतकार याइर रोझेनब्लुम ह्यांनी तिथे राहून ‘उनेताने तोकेफ’ला नवी चाल लावली, आणि किबुत्सच्या भोजनगृहात ती गायली गेली तेव्हा देव न मानणारे लोक ढसाढसा रडले. आज ती चाल देशभर प्रार्थनामंदिरांत म्हटली जाते. कोहेनचे गाणे ह्याच्या १६ वर्षे आधीचे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण एका युद्धाने दोन निरनिराळ्या माणसांना त्याच पियुटपाशी आणून उभे केले.

‘लव्हर लव्हर लव्हर’कडे परत येतो, कारण खरा वाद तिथे आहे. गाण्यात मुलगा बापाकडे नाव बदलून मागतो. चालू नाव भीतीने आणि लाजेने विटले आहे असे त्याला वाटते. कोहेन नावाचा माणूस हे म्हणतो तेव्हा ते नाव कोणते हे सांगायला नको. बाप नाव बदलून देत नाही. शेवटी गाणाऱ्याची इच्छा अशी की हे गाणे ऐकणाऱ्याची ढाल व्हावे. हात्झोरला ऐकणाऱ्या वैमानिकांना ते आपल्याविषयीच वाटले, आणि ते होतेच. त्या वेळी त्यात आणखी एक कडवे होते. त्यात तो ह्या सैनिकांना भाऊ म्हणतो. त्यांची बाजू चूक आहे असे तो म्हणत नाही, बरोबर आहे असेही म्हणत नाही, पण ते आपले आहेत हे मानतो. ते ऐकलेल्या एका सैनिकाच्या मनात ते कडवे घर करून राहिले. तबकडी आल्यावर त्याने पाहिले तर कडवे नाही. फ्रीडमन ह्यांना ते कोहेनच्या वहीत मिळाले, आणि भाऊ हा शब्द तिथेही खोडलेला होता. पुढे १९७६ साली पॅरिसच्या कार्यक्रमात कोहेनने सांगितले की हे गाणे इजिप्शियन आणि इस्राएली, दोघांसाठी आहे. नावे त्याने ह्याच क्रमाने घेतली.

आपल्यापैकी कित्येकांना हे वाचून राग येईल, आणि तो राग मी समजू शकतो. ज्यांची मुले तिकडे वाळूत राहिली त्यांना भाऊ म्हणवून घेण्याचा हक्क होता. पाहुणा येतो, आपल्यात जेवतो, आपल्यात झोपतो, आणि परक्यांत गेल्यावर नाते सांगत नाही, ह्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सर्वांना माहीत आहे. पॅरिसच्या श्रोत्यांना खूश करायचे असेल, असेही म्हणता येते. पण मग ते हेलिकॉप्टर आठवते. जखमी शत्रूचे आहेत कळताच हायसे वाटलेला हा माणूस. भाऊ हा शब्द ठेवायचा तर ते हायसे वाटणेही ठेवावे लागते, आणि ते त्याला सोसवेना. त्याने शब्द खोडला, पण नाव बदलले नाही. तबकडीवर ‘फील्ड कमांडर कोहेन’ नावाचे गाणे आहे, त्यात तो स्वतःला मोठा हेर, मोठा सेनानी बनवून स्वतःचीच मनसोक्त टिंगल करतो. ‘अ सिंगर मस्ट डाय’मध्ये गायकावर खटला भरला आहे, आवाजातल्या खोटेपणाचा, आणि तो आरोप कबूल करतो. सिनाईत आपण गेलो ते खरोखर कशासाठी, ह्याचा इतका कडक जाब त्याला दुसऱ्या कोणी विचारला नसता. माझे स्वतःचे मत विचाराल तर तो शब्द त्याने ठेवायला हवा होता. पण खोडला म्हणून तो आपला राहिला नाही, असे मला म्हणवत नाही.

१९७५ साली कंपनीने त्याच्या निवडक १२ गाण्यांची तबकडी काढली. ह्या तबकडीतली तीन गाणी तिच्यात घेतली: ‘चेल्सी हॉटेल’, ‘हू बाय फायर’ आणि ‘टेक धिस लाँगिंग’. ‘लव्हर’, ‘फील्ड कमांडर’, ‘देअर इज अ वॉर’ ही उघड युद्धाच्या छायेतली तिन्ही गळली. ज्यांनी नंतर कोहेन ऐकला त्यांतल्या पुष्कळांनी ती निवडक तबकडीच घेतली, त्यामुळे ‘हू बाय फायर’ त्यांना मिळाले, पण सिनाईवाचून. लिसाउअरबरोबर पुढची तबकडी सुरू झाली ती अर्धवट राहिली. १९७७ साली कोहेनने फिल स्पेक्टरबरोबर गोंगाटाची एक तबकडी केली. लिसाउअर परत आला तो १९८४ साली, आणि त्या वेळच्या तबकडीवर ‘हालेलुया’ होते. अमेरिकेतल्या कंपनीने ती तबकडी काढायलाच नकार दिला! ती तिथे एका लहान कंपनीकडून आली. म्हणजे कोहेनच्या प्रार्थनांना वाणी देणारा हा माणूस दोनदा योग्य वेळेआधी पोहोचला.

कोहेन नंतर बौद्ध मठात वर्षानुवर्षे राहिला. १९९६ साली तो रीतसर भिक्षू झाला. मी यहुदीच आहे, मला दुसरा धर्म नको, असे तो तरीही सांगत असे. १९९९ साली मठ सोडून तो मुंबईला गेला आणि वॉर्डन रोडजवळ रमेश बाळसेकर ह्यांच्या सकाळच्या बैठकींना बसू लागला. हे बाळसेकर बँक ऑफ इंडियाचे निवृत्त अधिकारी. खेतवाडीत निसर्गदत्त महाराज मराठीत बोलत, ते परदेशी लोकांना इंग्रजीत उलगडून सांगणाऱ्यांपैकी ते एक. मराठी वाणीचा एक ओहोळ असा फिरून कोहेनपर्यंत पोहोचला, ही गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल म्हणून नमूद केली.

सत्तरीत पैशांची फसवणूक झाल्यामुळे त्याला पुन्हा गावोगाव फिरावे लागले, आणि त्या दौऱ्यांत ही जुनी तबकडी जागी झाली. १९८९ सालीच अमेरिकन दूरचित्रवाणीवर सनी रोलिन्स ह्यांच्या सॅक्सोफोनबरोबर त्याने ‘हू बाय फायर’ गायले होते. आता स्पेनचा हावियर मास आपल्या तारवाद्यावर त्याआधी लांब आलाप घेई. तो आलाप ऐकताना आपल्याला मॉंट्रियलपेक्षा बगदाद आणि कैरोच जवळ वाटतात. ‘आय ट्राइड टू लीव्ह यू’ हे ह्याच तबकडीवरचे गाणे तो अनेकदा अगदी शेवटाकडे घेई आणि प्रत्येक वादकाला त्यात आपले कसब दाखवू देई.

२४ सप्टेंबर २००९ रोजी तो रामात गानच्या स्टेडियममध्ये गायला. सुमारे ५०,००० लोक होते. युद्धात मुले गमावलेल्या इस्राएली आणि पॅलेस्टिनी, दोन्हीकडच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्यांना उत्पन्न द्यायचे ठरले होते. रोश हशाना होऊन गेला होता, दारफाळणीला चार दिवस होते. कोहेन तेव्हा ७५ वर्षांचा. पहिल्याच भागात हावियर मासचा आलाप झाला आणि ‘हू बाय फायर’ सुरू झाले. त्या गर्दीत १९७३ साली वाळूत बसून ऐकलेलेही कोणी असणार. अगदी शेवटी, सगळी गाणी संपल्यावर, त्याने कोहानीम करतात तशी दोन्ही हातांची बोटे उघडली आणि हिब्रूत बिर्कत कोहानीम म्हटली.